एका बाजूची धार

दुकानदाराने तीन चाकू काउंटरवर मांडले आणि त्यातला सगळ्यात स्वस्त बोटाने पुढे सरकवला. तिथेच जावयाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. दुकानदार आपण होऊन स्वस्तातला माल पुढे करतो, हे त्याने आजवर पाहिलं नव्हतं.

"हाच का?" त्याने विचारलं.

"शिकायला हाच बरा. तुमच्या सासऱ्यांचा फोन आला होता."

म्हणजे फोनाफोनी आधीच झाली होती. त्याने चाकू उघडून पाहिला, मिटून पाहिला, पुन्हा उघडला. काळ्या प्लास्टिकची मूठ, बोटाएवढं पातं, खिळा जरा सैल. पात्यावर कुठल्या कंपनीचं नाव नव्हतं. दुकानदाराच्या चेहऱ्यावरूनही काही कळेना. शेवटी त्याने चाकू खिशात टाकला आणि तिथून निघाला.

चाळिशीला टेकलेल्या या गृहस्थाचा हा पहिलाच चाकू. तोवरची सगळी नोकरी गोदामांत गेली होती. तीन गोदामं झाली आणि तिन्ही सुटली ती एकाच कारणाने. एकीकडे त्याने काट्यावरच्या माणसावर संशय घेतला, दुसरीकडे थेट मालकाच्या मेहुण्यावर. तिसरीकडे तर लोक त्याला 'उलटतपासणी'च म्हणायचे, कारण कोणी "चहा घेणार का?" म्हटलं तरी हा आधी "का?" म्हणून विचारायचा.

तिसरी नोकरी गेली तेव्हा बायकोने आपल्या वडिलांशी बोलून त्याला त्यांच्या गुलाबाच्या रोपवाटिकेत लावून दिलं. "हे शेवटचं," कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली. "बाबांशीही बिनसलं, तर तुम्ही तुमचं बघा. मी बाबांकडेच राहीन." तिने आवाज चढवला नव्हता, म्हणूनच त्याने ते मनावर घेतलं. रागावून बोललेलं ती दुसऱ्या दिवशी विसरायची. घड्या घालताना बोललेलं तिने आजवर एकदाही मागे घेतलं नव्हतं.

सासरे सत्तरीचे. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. रोपवाटिकेच्या मागच्या दोन खोल्यांत ते एकटेच राहत. कमी बोलायचे आणि कारणं तर कशाचीच द्यायचे नाहीत. शिंगाच्या मुठीचा त्यांचा जुना चाकू कमरेला दोरीने बांधलेला असे. त्याला कोणी हात लावायचा नाही. "चाकू आणि दात घासायचा ब्रश ज्याचा त्याने वापरावा," असं ते म्हणत.

"आणला?" त्यांनी विचारलं.

"आणला, मामा. स्वस्तातलाच आणला. तुमची तशीच इच्छा होती ना."

टोमणा सासऱ्यांच्या डोक्यावरून गेला, किंवा त्यांनी जाऊ दिला. "शिकताना निम्मं पातं धारेचा दगडच खातो," ते म्हणाले. "बसा, जावईबापू."

काम तसं सांगायला सोपं होतं. चांगल्या जातीच्या गुलाबाच्या फांदीवरचा एक डोळा, म्हणजे पानाच्या बेचक्यातली कोंब फुटायची जागा, सालीसकट कापून काढायचा. तो रानटी गुलाबाच्या खुंटाच्या सालीत सरकवायचा आणि पट्टीने घट्ट बांधायचा. तीन आठवड्यांत डोळा खुंटाशी एकजीव झाला तर रोप तयार, नाहीतर मेहनत पाण्यात. सगळा खेळ त्या एका कापाचा. काप एका ओढीत आणि आरशासारखा सपाट यायला हवा, आणि तसा यायचा तर चाकूला धार हवी.

सासऱ्यांनी कोपऱ्यातल्या बादलीतून धारेचा दगड काढला. तो बादलीतच मुरलेला असायचा. मधे इतका झिजला होता की बशीच वाटावी. पातं त्यावर टेकवून त्यांनी पाठीची बाजू अगदी थोडी उचलली, खाली दोन पोस्टकार्डं सरकतील एवढीच. मग सावकाश पुढे ढकललं. "याच कोनात. कोन हलला की गेली धार." दहा-पंधरा वेळा ढकलून त्यांनी पात्याच्या दुसऱ्या अंगाला जावयाचं बोट हलकेच लावलं. तिथे बारीक खरखर लागत होती. "ही कड वळली की समजायचं, धार काठापर्यंत पोचली. आता पातं उलटायचं, दगडावर पूर्ण आडवं टाकायचं आणि एकदाच ओढायचं. कड पडते. झालं."

"आणि या दुसऱ्या बाजूची धार?"

"तिला धार लावायची नाही. ती सपाट करायची आणि सपाटच ठेवायची."

"का?"

"सपाटच ठेवायची," सासरे म्हणाले आणि झारी घेऊन उठले.

एकाला कारण द्यायची सवय नाही आणि दुसऱ्याला कारणाशिवाय घास गिळत नाही. गाठ पडली ती अशी.

तरी पहिले पंधरा दिवस बरे गेले, हे कबूल करायला हवं. रोज दुपारी काम आटोपलं की तो दगडापाशी बसे. नव्या चाकूला दोन्ही अंगांनी उतार होता. त्यातलं एक अंग घासून सपाट करण्यातच चार दुपारी गेल्या. बोटांची टोकं सोलवटली. कोन दहादा हलला, दहादा नव्याने सुरुवात झाली. मग एका दुपारी त्याने पातं मनगटावरून हलकेच फिरवलं आणि केस आपोआप पडले. त्याला विलक्षण आनंद झाला. इतक्या वर्षांत त्याच्या हातून पहिल्यांदा असं काही घडलं होतं, ज्यात दुसऱ्या कोणाचा हात नव्हता आणि म्हणून ज्याच्यावर संशय घ्यायलाही जागा नव्हती. बायकोला दाखवायला तो मनगट पुढे करतच घरी गेला.

हे सुख दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी तो मातीच्या पिशव्या घेऊन मागच्या खोलीवरून जात होता. आत सासरे फोनवर बोलत होते.

"हो, आला," ते म्हणत होते. "नवीन आहे, कोरडा ठणठणीत. शेवटी दगडच तो. चांगलं पाणी पाजल्याशिवाय वठणीवर यायचा नाही. आधी पाणी पाजतो, मग बघू काय कामाचा आहे ते."

जावई पिशव्यांसकट जागीच थिजला. तोंडावर जावईबापू, पाठीमागे एकेरी. त्याला दगड म्हटलं हे त्याने एक वेळ पोटात घातलं असतं; गोदामात याहून वाईट ऐकून घेतलं होतं. पण पाणी पाजायचं म्हणजे चीत करायचं, हरवायचं, आणि तेही ठरवून. कुठेतरी पाणी मुरतंय अशी शंका होतीच. ते कुठे मुरत होतं, ते आता त्याला कळलं.

मग एकेक गोष्ट आपसूक जुळत गेली. स्वस्त चाकू. दुकानदाराला आधीच केलेला फोन. कारण न देता शिकवलेली अर्धीच धार. म्हातारा सहा वर्षं एकटा जेवतोय. जावई नापास झाला की मुलगी घरी येणार, हे मुलीनेच सांगून ठेवलेलं. मग जावई पास व्हावा असं त्याला का वाटेल? हिशोब इतका चोख बसला की त्यात खोट असेल असं त्याच्या मनातही आलं नाही. संशयी माणूस जगातल्या सगळ्यांवर संशय घेतो, फक्त स्वतःच्या संशयावर घेत नाही.

दुसऱ्याच दिवशी तो दुकानात गेला. "चाकूला धार एका बाजूने लावतात की दोन्ही?" त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं. कशासाठी ते मात्र सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लगेच सासऱ्यांना फोन गेला असता.

"दोन्ही," दुकानदार म्हणाला. घरोघरच्या सुऱ्या विकणारा माणूस, तो दुसरं काय सांगणार. "दोन्ही बाजूंनी सारखी. एका बाजूने कोण लावतं?"

"तेच म्हणतो मी," जावई म्हणाला.

त्या दुपारी सासरे औषध आणायला गेले होते. त्याने चाकू दगडावर उलटा धरला, पाठ उचलली आणि चार दुपारी घासून सपाट केलेल्या अंगाला धार लावली. मनगटावरचे केस तसेच पडले. उलट जास्तच झरझर पडले. तो मनाशी हसला.

त्याच आठवड्यात सासऱ्यांनी त्याला मागची ओळ नेमून दिली. साठ खुंट. "ही तुमची," ते म्हणाले. "मी येणार नाही बघायला." आणि खरंच आले नाहीत. जावयाला ही आणखी एक खूण वाटली. बुडणाऱ्याला हात द्यायला लागू नये म्हणून माणूस असाच पाठ फिरवतो. त्याने दात-ओठ खाऊन साठही खुंटांत डोळे बसवले. काप जरासा खोलगट येत होता, पातं आत शिरून वर यायला बघत होतं. हे त्याला दिसत होतं. त्याने दोष स्वस्त चाकूला दिला.

तीन आठवड्यांनी दोघं मिळून पट्ट्या सोडायला बसले. पहिला डोळा काळा निघाला. दुसरा काळा, तिसराही. साठाव्या खुंटापर्यंत एकही हिरवा निघाला नाही. मग सासऱ्यांनी एक मेलेला डोळा नखाने उचकटला, उलटा केला आणि उजेडात धरला. त्याची पाठ होडीसारखी वाकलेली होती.

"दुसऱ्या बाजूलाही धार लावलीत," ते म्हणाले.

जावयाच्या तोंडाशी नेहमीची उत्तरं रांग लावून उभी होती. चाकू हलका होता, खुंट जून होते, पट्टी सैल होती. पण बाहेर पडलं ते भलतंच. "तुम्ही मला दगड म्हणालात. फोनवर. मी माझ्या कानांनी ऐकलंय."

"कधी?"

"नवीन आहे म्हणालात. कोरडा आहे, पाणी पाजल्याशिवाय वठणीवर यायचा नाही म्हणालात. एकेरीत."

सासऱ्यांनी डोळे बारीक करून त्याच्याकडे पाहिलं. मग ते उठले, आत गेले आणि पाणी निथळणारा एक दगड घेऊन आले. कोराच होता, मधे जराही झिजलेला नाही. "तुमच्यासाठी मागवला होता. नव्या दगडाला दिवसभर पाण्यात बुडवून ठेवावं लागतं, नाहीतर तो पात्याला ओरबाडतो. साठातले चाळीस जगले की देणार होतो." एवढं बोलून त्यांना हसू फुटलं, आणि ते इतकं अनावर झालं की वाफ्याच्या कडेला बसावं लागलं. "दगडाला काय अहो-जाहो करू?" ते डोळे पुसत म्हणाले.

जावयाला कुठे तोंड लपवू असं झालं. साठ रोपं गेली होती, आणि ती घालवली होती त्याने एकट्याने. तरी जुनी खोड अशी जात नाही. "मग स्वस्तातला चाकू?" त्याने विचारलं. "तो का घ्यायला लावलात?"

सासऱ्यांचं हसू मावळलं. खोटं बोलणं त्यांना जमायचं नाही, आणि गप्प राहिले तर हा काय समजेल, ते आता त्यांना कळून चुकलं होतं.

"लेक म्हणाली," ते खाली बघत म्हणाले. "म्हणाली, महागाचा घेऊ नका, वीस दिवस काही टिकायचे नाहीत. तिला सांगू नका मी बोललो ते."

संशय घ्यायचा त्याने जगात कोणाला बाकी ठेवलं नव्हतं. एक बायको सोडून. त्याला राग येईल असं वाटलं, पण आला नाही. फक्त वाईट वाटलं, आणि ते पार आतपर्यंत. कारण तिचा त्याच्यावरचा संशय खरा होता, आणि तिने तो घेतला यात तिचं काही चुकलं नव्हतं.

"आज कितवा दिवस?" त्याने विचारलं.

"बेचाळिसावा. ती रोज फोन करते. आज भांडले का, विचारते." सासऱ्यांनी नवा दगड त्याच्या हातात ठेवला. "उद्या ती बाजू परत सपाट करा. चार दुपारी लागतील. आणि का ते आता सांगूनच टाकतो. डोळ्याची पाठ खुंटाला पूर्ण टेकायला हवी. मधे हवा राहिली की तो वाळतो."

"हे आधी सांगितलं असतंत तर?"

"तर पटलं असतं?"

जावयाने प्रामाणिकपणे विचार केला. "नसतं," तो म्हणाला.

संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा बायको भाजी निवडत होती. पट्ट्या सोडायचा दिवस आज होता हे तिला माहीत होतं.

"किती जगले?"

"एकही नाही."

तिचे हात थांबले. पुढे काय येणार ते तिला पाठ होतं. चूक काट्यावरच्या माणसाची, चूक मेहुण्याची. आता बाबांची पाळी. तिने एक खोल श्वास घेतला आणि मन घट्ट करून विचारलं, "मग? चूक कोणाची?"

"माझी," तो म्हणाला. "मामांनी बरोबर शिकवलं होतं. मीच ऐकलं नाही."

तिने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग हात पुसून उठली आणि त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.

"बाबा काही बोलले का तुम्हाला?" तिने विचारलं. "माझ्याबद्दल?"

"नाही," तो म्हणाला. "काही नाही."

"खरं सांगा."

"का?" त्याने विचारलं.

या 'का'ने तिला जरा धीर आला. पण तिचा विश्वास काही बसला नाही. भाजी निवडताना ती अधूनमधून त्याच्याकडे बघत राहिली. तो तिच्यासमोर खाली बसला आणि उरलेली जुडी त्याने स्वतःकडे ओढून घेतली.