बारशाच्या दिवशी डिझेलचे हात

बाराचा मुहूर्त, साडेदहा वाजलेले, वालूर च्यार किलोमीटर राहिलेलं, अन् आमचं ट्रॅक्टर भर रस्त्यात बंद पडलं!

"भुजंग्या, निघताना टाकी बघितली व्हती का रे?" मी ट्रॉलीतूनच ओरडले.

"बघितली की ताई. थोडंसं व्हतं डिझेल."

थोडंसं! ऐका आता. दोन वर्षं झाली, मी मानवतच्या पंपावर रोज लोकांच्या टाक्या भरते, अन् माझ्याच भाचीच्या बारशाला माझाच चुलतभाऊ रिकाम्या टाकीनं ट्रॅक्टर काढतो. वर पांढराशुभ्र शर्ट घालून, सेंट मारून! मला असा राग आला का ट्रॉलीतून उडीच मारली मी.

ट्रॉलीत पाच लिटरचा कॅन व्हता, तेवढं नशीब. भुजंगनं तो टाकीत रिकामा केला, चावी फिरवली. नुसतंच घर्र घर्र. टाकी पार कोरडी झाली का डिझेलच्या पाइपात हवा धरती, मग वरून कितीबी डिझेल वता, इंजिन उचलत न्हाई. ती हवा हातानं काढावी लागती. भुजंगला ते कुठलं यायला? गडी मोबाइल काढून मिस्त्रीला फोन लावायलाय अन् मिस्त्री फोन उचलंना.

"सरक बाजूला. पाना दे," मी म्हणले.

"कावेरे!" माझी माय ट्रॉलीतून किंचाळली. "हात खराब करू नगंस! सरजाबाई काय म्हणली ते इसरलीस का?"

इसरते कशाची? सरजाबाई म्हणजी माझ्या भावजयीची, प्रियांकाची माय. लेकराच्या पाचवीला मी ड्यूटीवरून तशीच वालूरला गेले व्हते. लेकराला घ्यायला हात पुढं केले, तर बाईनं लेकरू पदराआड घेतलं. म्हणली, "हाताला रॉकेलवानी वास यायलाय. ठसका लागल लेकराला." मी तीनदा साबणानं हात धुतले, तरी दिलं न्हाई. वर चारचौघींत म्हणली, "बारशालाबी असाच वास आला तर कानात नाव अर्पिता सांगल." अर्पिता माझी चुलतबहीण, परभणीला मास्तरीण हाय. अहो, पण सख्खी आत्या मी! लेकराच्या कानात पहिलं नाव आत्यानं सांगायचं असतं. मी रातरात जागून कुंची शिवली, दोन दिवस सुट्टी घेतली, हातावर मेंदी काढली. सात दिवस झाले, लेकराला बोट लावलेलं न्हाई मी.

पण ट्रॉलीत बसून राहिले असते तर मुहूर्तच गेला असता. मग कुंची मायच्या मांडीवर ठिवली, पदर खोचला अन् फिल्टरवरचा नट सैल केला. दुसऱ्या हातानं फिल्टरजवळचा छोटा पंप दाबायला लागले. आधी फुसफुस, मग फेस, मग बुडबुडे, अन् मग डिझेलची अशी पिचकारी उडाली का दोन्ही हात कोपरापतुर न्हाले. नट आवळला. "मार आता!" भुजंगनं चावी फिरवली अन् ट्रॅक्टर धडधडलं! ट्रॉलीतल्या बायांनी टाळ्या पिटल्या.

मी हाताचा वास घेतला अन् रडूच आलं मला. "गेलं माय. आता कानात नाव अर्पिताच सांगती."

"थांब ताई!" भुजंगनं खिशातली सेंटची बाटली काढली अन् मी नको म्हणायच्या आत फसाफसा माझ्या हातावर मारली. झालं! आता डिझेल अन् मोगरा दोन्ही एकदमच यायलेत. म्हशीलाबी चक्कर आली असती.

मी पाण्याची बाटली उघडली, तर मायनं हिसकून घेतली. माझी माय दगडाबाई, आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात राबलेली, तिला हाताच्या वासाचं सगळं कळतं. "आधीच पाणी लावलं का चिकटपणा तसाच ऱ्हातो. म्हणून तर त्या दिशी साबणानं गेला न्हाई. तेलाला तेलानंच काढावं लागतं." पिशवीतली खोबरेलाची बाटली तिनं माझ्या हातावर उपडी केली. चोळ चोळ चोळलं. मग बांधावरची कोरडी भुगा माती घेऊन घासली, तशी ती काळीकुट्ट होऊन गळून पडली. मग कुठं साबण अन् पाणी. मी वास घेतला. मोगरा गेला व्हता, डिझेल थोडं व्हतंच.

"च्यालू ट्रॅक्टर उभं हाय ताई, अकरा वाजायलेत!" भुजंग बोंबलायला लागला.

"बोंबलू दे त्याला. चल," माय म्हणली अन् मला वढत रस्त्याकडच्या हरभऱ्यात घेऊन गेली. थंडीचे दिस, हरभरा फुलात आलेला, पाल्यावर आंब, म्हणजी आंबट दव, चढलेली. ती आंब हाताला झोंबती, पण वास खाती. मी झाडं न तोडता शेंड्यांवरून हात फिरवायला लागले, एका ओळीतून दुसऱ्या ओळीत. मेंदीचे हात चुरचुरायला लागले. भुजंगनं येऊन वास घेतला अन् म्हणला, "ताई, मला तर आता भूकच लागायली!"

पोचलो तवा बाराला दहा कमी व्हते. पाळणा सजलेला, अर्पिता भरजरी नेसून पाळण्याजवळ बसलेली. अन् दारात सरजाबाई. माय लेकराला कुंची घालायला आत गेली, मला मातर बाईनं दारातच अडवलं.

"लय उशीर केला. हात दाव."

मी हात पुढं केले. सगळ्या बाया बघायलेल्या. बाहेर भुजंग मोठमोठ्यानं माझ्या भावाला, परमेश्वरला सांगायला लागला, "दादा, ताईनं हवा काढली म्हणून आलो, न्हाईतर आमी तिथंच व्हतो अजून!" मनात म्हणले, गप की रे मेल्या, सगळं उघडं पाडायलास! सरजाबाईनं ते ऐकलं, माझ्याकडं एकदा बघितलं अन् हात नाकाशी नेला.

एकेक बोट हुंगलं तिनं. अंगठा, पहिलं, दुसरं. माझ्या छातीत ट्रॅक्टरपेक्षा जास्त धडधडत व्हतं. करंगळीपाशी आली अन् थांबली. नखाच्या आत काळी रेघ व्हती. मला इथूनच वास आला, तर तिला न यायला काय झालं? मी मान खाली घातली.

"बायांनो," सरजाबाई मोठ्यानं म्हणली, "नुसता हरभऱ्याचा वास यायलाय की!"

मी दचकून वर बघितलं. ती माझ्या कानाशी आली अन् हळूच म्हणली, "करंगळी आत घे." अन् आत नेऊन पाळण्यातलं लेकरू माझ्या हातात दिलं.

अगं बाई गं! एवढंसं ते, ऊन ऊन, माझ्याच कुंचीत गुंडाळलेलं. मी करंगळी मुठीत घट्ट दाबली, वाकले अन् कानात सांगितलं, "ईश्वरी!" तशा बायांनी रितीपरमानं माझ्या पाठीत धपाधपा बुक्क्या घातल्या, अन् सगळ्यात जोराची बुक्की सरजाबाईची व्हती. पाठ पार शेकून निघाली. अर्पिता म्हणली, "आता मला दे की." म्हणलं, थांब जरा, सात दिवसांची बाकी हाय माझी.