पायलमधला काना

नमनच्या पाठीमागे मी पुन्हा टाळी वाजवली. त्यानं मान वळवली. सासूबाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "किती टाळ्या पिटशीन व? आइकू येते त्याले. लेकरू दचकते ना!"

हे खूळ कामामुळेच लागलं होतं. त्या दिवशी अमरावतीत लहान मुलांचे कान तपासायचं शिबिर होतं. बाहेरगावचे डॉक्टर, तेही एकच दिवस. आईबापांनी मुलाचं नाव-गाव मोबाईलवरून मराठीत पाठवायचं, की नंबर मिळायचा. तो प्रोग्राम मी इथं अकोल्यात, मांडीवर नमनला घेऊन लिहिला होता. नावात आकडे, चिन्हं, हसरे चेहरे घुसू नयेत म्हणून एक ओळ टाकली होती. दिलेल्या मजकुरात फक्त अक्षरंच आहेत का, हे सांगणारं तयार फंक्शन असतं, तेच वापरलं. ते 'नाही' म्हणालं, की उलट निरोप जायचा : 'नाव नीट लिहा.' चाचणीला जिभेवरचंच नाव दिलं, नमन. चाललं.

सकाळीच शिबिराच्या दारावर बसलेल्या हर्षाचा फोन आला. "ताई, इथं माशा मारून राहिलो आमी. कमल, अमन, गगन, मदन. संपले पेशंट! आन् एक बाई धारणीहून लेकीले घेऊन आली, तिच्यापाशी नंबरच नाही. आत सोडत नाहीत तिले."

"मुलीचं नाव काय?"

"पायल."

मी 'पायल' टाइप केलं. नाही. काना काढून 'पयल' केलं. हो.

त्या फंक्शनच्या लेखी काना हे अक्षरच नव्हतं. काना, मात्रा, वेलांटी, उकार, सगळी नको असलेली चिन्हं. बाराखडी घोकून मोठी झालेली मी, आणि मला हे सुचलं नाही.

आमच्या कंपनीचे ललित सर फोनवर शांत होते. "मोबाईलचा कीबोर्ड खराब असेल म्हणावं. कोणाला कळतंय? ओळ बदलून टाक, झालं."

ओळ मी लगेच बदलली. झालं मात्र नव्हतं. हर्षाला म्हटलं, त्या बाईंना फोन दे.

"म्याच चुकीचं लिवलं असंन, मॅडम," त्या आधीच म्हणाल्या. "चौथी शिकली मी. घडीघडी लिवलं. शेजारच्या पोरीकडूनई लिवून घेतलं. मंग म्हटलं, जाऊनच पाहू."

"नाही हो. तुम्ही बरोबर लिहिलं होतं. चूक माझी आहे."

"तं हे आतल्या साहेबाले सांगा न! मले कावून सांगता?"

खरंच. त्यांची माफी मागून मला हलकं व्हायचं होतं. त्यांना पोरीचे कान दाखवायचे होते.

डॉक्टरांना फोन लावला. चूक कोणाची, ते नाव घेऊन सांगितलं. कंपनीचंही आणि माझंही. "पाठवा तिला आत," ते म्हणाले. "आणि बाकीचे? आम्ही संध्याकाळी निघणार."

बाकीच्यांचे निरोप प्रोग्रामनं परत पाठवले होते, पण नाव-गाव आणि मोबाईल नंबर ठेवले होते. नमनला सासूबाईंजवळ दिलं आणि पहिला लावला. बार्शीटाकळी, तिथून अमरावती शंभरेक किलोमीटर.

"मोनालीचे बाबा का? मुलीचं नाव तुम्ही बरोबरच लिहिलं होतं. आमचीच चूक झाली."

"काय सांगता!" ते ओरडले. "बायकोले लय बोललो म्या त्याच्यापायी. लेकीचं नाव लिवता येत नाही म्हटलं. थांबा, तिलेच आइकू द्या हे."

बायको फोनवर आली. माझं सगळं बोलणं तिनं ऐकून घेतलं. नवऱ्याबद्दल एक अक्षर बोलली नाही.

"आता निघालो तं डॉक्टर थांबतीन का?"

"निघा तुम्ही," मी म्हणाले. थांबतील, असं म्हणवलं नाही.