खाडीला आवडलेला मासा

शरयू नाबरने आपल्या पहिल्या लाकडी माशाचा डोळा रंगवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खाडी एक शेत अलीकडे येऊन बसली. पूर नव्हता, भरतीही नव्हती. खाडीची रुंदी तीच, वळणं तीच. फक्त ती उठून अलीकडे आली होती आणि जुन्या जागी काळा चिखल चमकत होता.

"अहो, खाडी आली," ती नवऱ्याला म्हणाली.

भालचंद्र पेपर वाचत होते. "भात बुडलं का?"

"कापणी कधीच झालीय."

"मग येऊ दे."

जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांची बोलणी जोडून दिल्यावर, निवृत्तीनंतर शरयूला हातात धरता येईल असं काहीतरी करायचं होतं. गावात डॉ. रॉड्रिग्ज म्हणून दंतवैद्य होते. दवाखान्याला सुट्टी असली की ते व्हरांड्यात बसून मासे गरवायची खोटी आमिषं बनवत. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे बोटभर मासे, पोटात शिशाचा मणी, खाली गळ. शरयूने विचारलं, तर ते आनंदाने शिकवायला तयार झाले. दात कोरायच्या हत्यारांनीच ती खवले कोरायला शिकली.

"हुबेहूब माशासारखं दिसलं पाहिजे असं नाही," डॉक्टर म्हणायचे. "पाण्यात त्याची चाल बघायची. जरा आजारी असल्यासारखी हवी. धडधाकट माशाच्या वाटेला कोण जातं?"

खाडीचं ऐकून त्यांनी तिचा मासा हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला. "माझ्या माशांना आजवर तांबोशी आली, गोबरा आला. खाडी नाही आली." आवाजात थोडी असूया होती. "यात वेगळं काय केलंत?"

"तुम्ही सांगितलंत तेच."

"मग इतक्यात गळ लावू नका," ते म्हणाले.

शरयूला तिथेच थांबता आलं असतं. पण खाडीला नेमकं काय आवडलं, हे तिला कळेना. पोटाचा बाक, की रंग? म्हणून तिने दुसरा मासा केला, जरा सडपातळ. खाडी कुंपणाला टेकली. तिसऱ्याची पाठ हिरवी केली, तशी ती अंगणात शिरली आणि पायरीशी येऊन थांबली. भालचंद्रांच्या स्कूटरखाली कुर्ल्या फिरू लागल्या. घरात मात्र एक थेंब आला नाही. शरयू तिसरा मासा स्वयंपाकघरातून झोपायच्या खोलीत घेऊन गेली, की पाणी बाहेरून घराला वळसा घालून त्या खिडकीशी जायचं. तिने हे मुद्दाम पुन्हा पुन्हा करून पाहिलं. शेवटी शेवटी तर ती उठायच्या आधीच पाण्याला कळायला लागलं.

मग चिखल तुडवत कोळीवाड्यातली माणसं आली. पुढे सुलभा तांडेल होती.

"बाये, खाडी तुमच्याकडे इली हा?"

"हो. मागच्या दारी आहे."

"माझी होडी थंय चिखलात बसली हा. पोरांका काय घालू?"

खांद्यावर जाळी घेतलेली माणसं पाण्याकडे बघत उभी होती. कुणी त्यात पाय बुडवला नाही, जणू ते दुसऱ्याच्या घरातलं होतं. शरयूला लाज वाटली. तरी चौथ्या माशाची शेपूट कशी करावी, हे तिच्या डोक्यातून जाईना.

"मी तिला परत आणून सोडते," ती म्हणाली.

हिरव्या पाठीचा मासा मुठीत धरून ती निघाली. खाडी उठली आणि बादलीमागून वासरू यावं तशी मागून चालू लागली. शेजारून भालचंद्र गरी, म्हणजे दोरी लावलेली मासे पकडायची काठी, घेऊन चालले होते. दोन दगडी गडग्यांमधल्या अरुंद पाणंदीत खाडीने अंग चोरून घेतलं, पलीकडे गेल्यावर पुन्हा रुंद झाली. रस्त्यावर एसटी थांबली. कंडक्टरने खाली उतरून पाणी पुढे जाऊ दिलं.

जुन्या पात्राशी आल्यावर मात्र ती खाली उतरेना. काठावरच फुगून उभी राहिली. तेवढ्यात डॉक्टर गळांची डबी घेऊन धापा टाकत आले.

"तिचं लक्ष तुमच्या मुठीकडे आहे," ते म्हणाले. "मासा खाली टाकावा लागेल."

"टाकला तर गिळेल."

"गिळायलाच केलाय. पण गळाशिवाय टाकलात, तर गिळून कुठेही निघून जाईल. गळ असला तर तुमच्या हातात राहील. पात्रात बसली की सोडून द्या."

"गळ लावू नको गे," सुलभा म्हणाली. "दुखात तिका."

शरयूने डबीतला सगळ्यात बारीक गळ उचलला. डॉक्टरांच्या पक्कडीने त्याचा उलटा काटा चेपून टाकला, म्हणजे सुटताना तो फाडणार नाही. मग तो माशाला लावून, मासा गरीच्या दोरीला बांधून तिने पात्रात भिरकावला आणि चिखलावरून हळूहळू, आजारी चालीने ओढला.

खाडी एकदम खाली उतरली. सगळीच्या सगळी. होड्या उचलल्या गेल्या, माणसं ओरडली आणि दोरी ताठ झाली.

"आता सोड तिका!" सुलभा हसत म्हणाली.

"सोडते," शरयू म्हणाली. पण हातातलं ते वजन तिने आजवर कधी अनुभवलं नव्हतं. ते कशाचं आहे ते तिला कळायला हवं होतं. तिने दोरी थोडी ओढली.

तिच्या पायाशी खाडीची कड चिखलापासून वीतभर उचलली गेली, गोधडीची उचलावी तशी. एक थेंब गळला नाही. वर होड्या जराशा कलल्या. सुलभाचं हसू थांबलं. कडेखालून उजेड येत होता आणि भांडी लावल्यासारखा आवाज.

"जरा धरा," म्हणून शरयूने गरी भालचंद्रांच्या हातात दिली. पदर खोचला, गुडघे टेकले, गाल चिखलाला लावला आणि डोकं आत सारलं.

"काय आहे गं?" मागून भालचंद्रांचा आवाज आला.

 तिने एक हात मागे, बाहेर काढला आणि बोटाने खूण केली: अजून थोडं वर.