पुस्तक जो शिवेल

बारक्या नावालाच बारक्या होता. सहा फूट उंची, पुढे आलेलं पोट, डोक्यावर जेमतेम चार केस आणि वय सेहेचाळीस. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि ताई एकोणीसची. त्या दिवसापासून ती त्याला जी हाक मारत आली ती काही बदलली नाही. लग्नाच्या भानगडीत दोघंही पडले नाहीत. खाली बाइंडिंगचं दुकान, वर दोन खोल्या, एवढाच त्यांचा संसार. फाटलेला कागद सांधायचा, किडीची भोकं बुजवायची, हे ताईचं काम. शिवणकाम बारक्याचं. ताईने आयुष्यात एक पुस्तक शिवलं नव्हतं आणि त्याने कधी खळीच्या भांड्याला हात लावला नव्हता, कारण लावला की ती ओरडायची.

सोमवारी सकाळी लिलाववाला एक पुडकं घेऊन आला.

"लॉजची नियमावली आहे," तो म्हणाला. "अतिशय दुर्मीळ. एवढी एकच प्रत उरलीय."

"लॉज म्हणजे खोल्या भाड्याने देतात ते?" बारक्याने विचारलं. "मग नियम मला पाठ आहेत. नऊनंतर गरम पाणी मिळणार नाही."

लिलाववाल्याला विनोदाचं वावडं होतं. त्याने शांतपणे समजावून सांगितलं. परके साहेब जहाजांतून नुकते उतरले होते, त्यांचं राज्य अजून धड बसलंही नव्हतं, तेव्हा त्यांनी आपसांत काढलेली ही मंडळी. एकमेकांना बंधू म्हणायचं, बंद दाराआड जमायचं आणि आतलं बाहेर सांगायचं नाही. डाव्या पानावर त्यांच्या भाषेतले, या बहीणभावांना न वाचता येणारे नियम होते, उजव्या पानावर कुणा इथल्या कारकुनाने आपल्या भाषेत उतरवलेले. शुक्रवारपर्यंत पुस्तक पूर्वी होतं तसं बांधून हवं, असं बजावून तो गेला.

बारक्याने पुडकं सोडलं आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. दुमडलेल्या पानांच्या अकरा जुड्या, ज्यांना धंद्यात फर्मे म्हणतात, सगळ्या सुट्या झाल्या होत्या.

"ताई, हा दोरा झिजलेला नाही गं. कापलाय. एकूणएक टाका."

"पानं चोरायला कापला असेल कुणी."

"पान तर एकही गेलेलं नाही."

खरं म्हणजे इथेच थांबायला हवं होतं. पण दुरुस्तीचा धंदा करणाऱ्यांना एक खोड असते. तुटलेलं काही दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात. ते कुणी मुद्दाम, पूर्ण शुद्धीवर राहून तोडलं असेल, हे त्यांच्या डोक्यातच येत नाही.

ताईने भोकं बुजवायला घेतली. नवव्या नियमात, 'पुस्तक' या शब्दाला अगदी लागून किडीने एक भोक पाडलं होतं. तिथे 'ास' असणार असं धरून ताईने मोठ्याने वाचलं, "पुस्तकास जो शिवेल तो आमचा बंधू. त्यास अन्य आप्त नाही."

"झालं! मी शिवलो." बारक्याने पानावर पंजा ठेवला. "तूही शिवलीस. आता मी बंधू. तुझं काय करायचं ते त्यांचं त्यांनी ठरवावं."

पुढचे दोन दिवस त्याने या विनोदाचा पार चोथा केला. भाजी चिरायला सांगितली की म्हणायचा, बंधूंना हे शोभत नाही. ताई हसायची आणि सुरी त्याच्याच हातात द्यायची.

गुरुवारी सकाळी तो शिवायच्या लाकडी चौकटीपुढे बसला. दोऱ्याला मेण लावलं आणि एकेक फर्मा ओवत गेला. दुपारी साडेतीनला त्याने शेवटची गाठ मारली. ताई मागच्या खोलीतून चहा घेऊन आली तेव्हा तो भिंतीजवळच्या लांब बाकावर, मधोमध, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसला होता. बारक्या जन्मात कधी ताठ बसला नव्हता.

"घे, गार होतोय."

"आभारी आहे, बाई," तो म्हणाला. "आपलं इथे कुणाकडे काम होतं?"

"पुरे झाला चावटपणा."

त्याला तिने लहानाचा मोठा केला होता. हसू दाबताना त्याची डावी नाकपुडी फुगते, हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. ती फुगली नव्हती.

मग तो थोडा डावीकडे सरकला. बसायला कुणी आलं की आपण जागा करून देतो, तसा. रिकाम्या जागेकडे पाहून त्याने अदबीने मान लववली. बाक करकरला, पण त्याच्या बाजूने नाही. थोड्या वेळाने तो आणखी सरकला. बाहेर रस्त्यावर ऊन होतं, सायकलींच्या घंट्या वाजत होत्या, समोरचा न्हावी कुणाशी तरी तावातावाने भांडत होता.

"कोण आहे रे तिथे?"

"मंडळी येताहेत. बाक भरला की आम्हाला निघायचं आहे."

"कुठे निघायचंय? अरे, मी ताई! तुला गोवर आला होता तेव्हा सहा रात्री तुला मांडीवर घेऊन बसले होते मी. आठवत नाही तुला?"

परक्याची कहाणी ऐकावी तसं त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "वाईट वाटलं ऐकून," तो म्हणाला. "पण मला बहीण नाही, बाई. आमच्यात कुणालाच नसते." आणि तो आणखी सरकला. आता डावीकडे हातभर बाक उरला होता.

ताई धावत टेबलाशी गेली. नववा नियम काढून तिने पान खिडकीच्या उजेडात उभं धरलं. तिने लावलेलं ठिगळ उजेडात स्पष्ट दिसत होतं. भोक मोकळ्या जागेत पडलं होतं, दोन शब्दांच्या मधल्या. तिथे 'ास' मावलाच नसता. पुस्तक जो शिवेल. पुस्तकाला शिवणारा नव्हे, पुस्तक शिवणारा. जन्मभर दुसऱ्यांची भोकं बुजवणाऱ्या बाईने हे भोक नसलेल्या अक्षराने बुजवलं होतं.

म्हणूनच आधी कुणीतरी टाके कापले होते. मग तेच करायचं! तिने पातं उचललंही. पण कापण्याआधी तिचा हात सवयीने सगळं चाचपून गेला. पुस्तकाच्या जुन्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवलेला कागद बाकीच्या कागदाहून नवा आहे, हे तिच्या बोटांना कळलं. तिने त्याखाली हाडाची पट्टी सरकवली. आत शिसपेन्सिलीने, वळणदार अक्षरात एक ओळ लिहिली होती: 'मी उसवले. कोणासाठी, ते आठवत नाही.'

तिने ती ओळ दोनदा वाचली.

"मेल्यांनो," ती बाकाकडे बघून म्हणाली, "तुमचं काय वाकडं केलं होतं आम्ही?"

बाक करकरला. बारक्या अगदी कडेला आला होता. त्याचा एक पाय उठायच्या बेतात जमिनीवर टेकला होता.

ताईला रडायलाही फुरसत नव्हती. त्याला सगळं आठवेल आणि मला काहीच नाही, तिने हिशेब केला. म्हणजे रडणं त्याच्या वाट्याला येणार. पण रडायला तो इथे तरी असेल. तिने त्याच्याकडे डोळे भरून पाहिलं, ते मोठे कान, ती टकलावरची खोक, शर्टाचं तिनेच लावलेलं वेगळ्या रंगाचं बटण. मग तिने गाठीखाली पातं घातलं.

पहिला फर्मा सुटला तशी बाकाची करकर थांबली. दुसरा, तिसरा. चौथ्याला गोवर कुणाला आला होता ते तिला नीट आठवेना. सहाव्याला आपण घाई कशाची करतोय, असं वाटून तिचा हात क्षणभर थांबला. पण हाती घेतलेलं काम अर्धवट टाकायची तिला सवय नव्हती. आठवा, नववा, दहावा. जुना दोरा सहज तुटतो, हा तर कोरा करकरीत होता. अकरावाही सुटला.

"ताई!"

ती दचकली. बाकावर एक उंच, पोट सुटलेला माणूस बसला होता. केव्हा आत आला कुणास ठाऊक. तो धडपडत उठला आणि तिच्या टेबलाशी आला.

"ताई, मी कुठे होतो गं? मला तू दिसत होतीस, पण..." त्याने तिचा हात धरला. तिने तो सौजन्याने सोडवून घेतला, तसा तो बोलायचा थांबला. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग सुट्या झालेल्या फर्म्यांकडे, मग शिसपेन्सिलीच्या त्या ओळीकडे. तो ओठ हलवत ती ओळ वाचत होता. वाचून झाल्यावर एवढा थोरला माणूस लहान मुलासारखा हमसून हमसून रडायला लागला.

ताईला त्याची फार दया आली. तिने त्याला खुर्ची दिली आणि पाण्याचा पेला पुढे केला.

"शांत व्हा बघू," ती म्हणाली. "तुमच्या घरचं कुणी आहे का? मी निरोप पाठवते."