बाप्पाच्या पायाशी काळोख

सूर्य! समुद्राच्या तळाशी सूर्य टांगला या लोकांनी. पुठ्ठ्याचा, सोनेरी, वर मोटर लावून गरगर फिरणारा. कामावरून थेट मंडपात आले आणि बघून डोकंच फिरलं माझं.

घाटकोपरला आमच्या चाळीच्या गणपतीचा देखावा यंदा पहिल्यांदाच एका बाईकडे आला होता, म्हणजे माझ्याकडे. महिनाभर साकीनाक्याच्या कामावरून सुटले की रोज इथेच खपत होते. खोल समुद्राचा तळ केला. तिथे ऊन कधीच पोचत नाही. जमिनीच्या भेगांतून कढत पाणी वर येतं, त्यात सडक्या अंड्याचा वास मारणारं रसायन असतं, आणि जिवाणू त्याच्याच जोरावर अन्न तयार करतात. तिथल्या लांबलचक नळीकिड्यांना ना तोंड, ना पोट. जिवाणू त्यांच्या अंगातच राहतात आणि त्यांना पोसतात. पाइप कापून, लाल मखमल लावून मी ते किडे केले, आत बारीकसे दिवे सोडले. बाप्पासमोर समई, बाकी सगळा काळोख. तेच तर दाखवायचं होतं ना!

अध्यक्ष श्यामसुंदरकाकांनी सूर्याच्या जोडीला दोन फोकसही मारले होते. माझे किडे नुसते प्लास्टिकचे पाइप दिसत होते. बाप्पासमोर अंधार शोभत नाही, म्हणाले. मी समई दाखवली. ऐकतायत कशाला! वर मलाच शिकवायला लागले.

"अगं श्वेता, सूर्याशिवाय जगात कुणाच्या पोटात अन्न जातं का?"

मंडपामागे ताडपत्रीखाली, एका मिणमिणत्या बल्बवर, माझी आई आणि शेजारच्या बायका अख्ख्या चाळीचा प्रसाद रांधत होत्या. दरवर्षी रांधतात. त्यांना पुढे कुणी बोलावलंय कधी? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुमच्या पोटात जातं ना, काका," मी म्हटलं. "मागे जाऊन बघा, किती ऊन आहे तिथे."

आणि सूर्याचं, फोकसचं, दोन्ही बटणं बंद केली.

काका भडकलेच. आरतीला जमलेल्या लोकांसमोर अपमान केलास म्हणाले, पुढच्या वर्षी देखाव्याला हात लावायचा नाही म्हणाले, आणि तरातरा बटणांकडे निघाले.

गलका ऐकून आई पुढे आली होती. हात पिठाचे, तसेच. मंडळाच्या पुरुषांपुढे आजवर तोंड न उघडलेली ही बाई काकांच्या आणि बटणांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. समईच्या उजेडात बाप्पा, खाली काळोखात माझे लाल किडे. तिची नजर त्यांच्यावरच होती.

"लाईट लावू नकात," ती आमच्या मालवणीत म्हणाली. "माझ्या चेडवान काय केल्यान, ता माका बघूंदे."