एवढी एक खेप

सुकाणू धरून बसलेल्या याकोव्हच्या गुडघ्यावर विंकाचा हात कोमिझा बंदराचा धक्का सुटल्यापासून होता. साठी उलटल्यावर नवऱ्याशी हे चाळे कसले, म्हणून पेरीनाचा टोमणाही मारून झाला होता. पेरीना आणि तिचा नवरा प्रोश्पेर हे या दोघांचे शाळेपासूनचे दोस्त. दर सप्टेंबरला चौघांनी याकोव्हच्या बोटीतून समोरच्या बिशेवो बेटावर जायचं, पोहायचं, जेवायचं आणि ऊन उतरायच्या आत परतायचं, हा ठरलेला बेत. विंका हसली, पण तिने हात काढला नाही.

कारण याकोव्हला समोरचं दिसत नव्हतं. कडेचं दिसायचं, पण नजरेच्या ऐन मध्यावर काळा डाग बसला होता. बोट चालवायची नाही, असं स्प्लिट शहरातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं. एवढी एक खेप करू दे, मग मीच सगळ्यांना सांगतो, अशी याकोव्हने तिच्याकडे गयावया केली. उभ्या जन्मात कुणापुढे न वाकलेला माणूस असा बोलतोय हे पाहून तिला भडभडून आलं आणि ती कबूल झाली. तिने उजवा गुडघा दाबला की त्याने बोट उजवीकडे वळवायची, डावा दाबला की डावीकडे, असं ठरलं. शहाणीसुरती बाई, पण प्रेमापोटी तिने अक्कल गहाण टाकली.

अर्धी वाट नीट गेली. मग लाटा वाढल्या आणि खाऱ्या मासळीचा पाव पेरीनाच्या पोटात ठरेना. बोटीच्या पुढच्या टोकाशी वाकून ती ओकू लागली आणि विंकाला हाका मारू लागली. याकोव्ह हळूच म्हणाला, "जा तू. इथं मोकळं पाणी आहे."

विंका गेली. पेरीनाची कंबर धरून तिने मान वर केली. नाकासमोर निक्शाची होडी होती. निक्शा म्हणजे विंका-याकोव्हच्या लेकीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता. इंजिन बंद करून तो जाळं ओढत होता. ओळखीची बोट पाहून तो उभा राहिला आणि त्याने हात वर केला. या पाण्यात भेटलेल्या बोटीला हात केल्याशिवाय कुणी पुढे जात नाही, आणि याकोव्ह तर नेहमी मुद्दाम जवळून जायचा. बोट अंगावर येत होती आणि तो खुळा हसत उभा होता.

ओरडलं तर सगळं उघडं पडणार होतं. एक क्षण, एकच क्षण, विंका गप्प राहिली.

"याकोव्ह, डावीकडे! माणूस आहे!"

बोट गर्रकन वळली आणि होडीच्या हातभर अंतरावरून गेली. निक्शा जाळ्यावर आदळला, उठला आणि शिव्यांची लाखोली वाहू लागला.

प्रोश्पेरच्या अंगावर वाईन सांडली होती. "अरे, दिसला नाही का तुला?"

"दिसला की," याकोव्ह म्हणाला. "जरा तंतरवली त्याची."

प्रोश्पेर खो खो हसला. तोंड पुसत पेरीनाही हसली. याकोव्हने त्यांच्याबरोबर हसून बोट पुन्हा बिशेवोकडे वळवली, आणि विंकाला मघाच्याहूनही जास्त भीती वाटली. हा थांबणार नव्हता. परतताना नाही, उद्याही नाही.

"त्याला दिसत नाही," ती म्हणाली. "जूनपासून दिसत नाही. प्रोश्पेर, सुकाणू तू घे."

प्रोश्पेर सुकाणूपाशी आला. याकोव्ह आपणहून उठला आणि पाठ करून बसला.

बिशेवोच्या धक्क्यावर विंका आधी उतरली आणि तिने त्याला हात दिला. याकोव्हने तो हात सोडून चाचपडत पेरीनाचा खांदा शोधला आणि तो धरून उतरला.