शिवकांता आत्याचं नाक

लातूरच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर आला आणि तेव्हापासून वर्षाराणीला जगातली कुठलीच गोष्ट अवघड वाटेनाशी झाली. भूमिती? सोपी. स्कूटी? सोपी, फक्त बाबा देत नाहीत. लोणचं? त्यात काय एवढं! मिरची चिरायची, मसाला घालायचा, लिंबू पिळायचं, तासाभरात तयार. मोबाइलमधल्या बाईंनी तर हसत हसत करून दाखवलं होतं.

"लातूरहून ढाल आणली आन् घरात लाउडस्पीकर बसला," आई म्हणाली. "आगं, तुला चहात साखर किती घालायची ते कळंना, आन् लोणचं घालून राहिलीस?"

"आई, तू फक्त बघ. उद्याच्या दासोहाला पंगतीत माझं लोणचं वाढलं जाणार."

"आत्याला विचार आधी."

तिथंच तर सगळं अडलं होतं.

गुरम्मा आजीच्या पुण्यस्मरणाला निलंग्याच्या या घरी दरवर्षी दासोह, म्हणजे अन्नदान, व्हायचा. स्वामी यायचे, अख्खी गल्ली यायची, अंगणात पंगती बसायच्या. त्या जेवणाचा एक नियम आजीनंच घालून दिला होता. स्वामींचं पहिलं ताट वाढून होईपर्यंत कशाचीही चव बघायची नाही. कुणी नुसतं बोट चाटलं तरी ते पातेलं बाजूला. मग मीठ-तिखट कळायचं कसं? वासावरून. आजीला कळायचं. आजीनंतर ते फक्त तिच्या लेकीला, शिवकांता आत्याला कळायचं. आत्या वरणाच्या वाफेवर वाकायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "मीठ पायजे." आणि खरंच मीठ पाहिजे असायचं! एकदा आईनं हौसेनं घातलेलं लिंबाचं लोणचं तिनं झाकण उघडताक्षणी उकिरड्यावर पाठवलं होतं. दासोहाचं मिरचीचं लोणचं मात्र आत्याच करायची. औशाहून एसटीनं यायची ती मांडीवर बरणी घेऊन. बरणीच्या तोंडाला पांढऱ्या फडक्याचा दादरा बांधलेला, आणि शेजारच्या सीटवर अमरनाथमामा, म्हणजे आत्याचे यजमान, पिशव्या सांभाळत बसलेले.

यंदाही दोघं आदल्या दिवशी सकाळीच आली. आत्यानं पायावर पाणी घेतलं न घेतलं तोच वर्षाराणी पुढ्यात उभी.

"आत्या, मी झटपट लोणचं घालणार. तुझ्या नाकानं पास केलं तर उद्या पंगतीत वाढायचं. बोल."

आत्या क्षणभर तिच्याकडं बघत राहिली. मग हसली. "घाल की. पन नियम म्हंजे नियम. जिभेला लावायचं न्हाई."

"कबूल!"

वर्षाराणीनं मिरच्या धुतल्या, पुसल्या, देठ खुडले, चिरल्या आणि मीठ लावून ठेवल्या. आईला नेहमी करताना बघितलं होतं तशी मोहरीची डाळ मीठ घालून फेसली, अशी की नाकातून डोळ्यापर्यंत झिणझिण्या गेल्या. हळद, हिंग, मेथीची पूड, लिंबाचा रस, गार केलेली फोडणी. शेवटी मोबाइलमधल्या बाई म्हणाल्या, 'चवीनुसार मीठ.' आता चव तर घ्यायची नव्हती. म्हणून तिनं आत्मविश्वासानुसार घातलं.

आत्यानं वाडगं नाकाशी धरलं. डोळे मिटले. सगळं घर थांबलं.

"झकास," आत्या म्हणाली. "मीठ बराबर."

वर्षाराणीनं जी आरोळी ठोकली ती बसस्टँडपर्यंत गेली असणार.

पंगतीचं उद्या सकाळी नव्यानं घालायचं होतं, म्हणून हा नमुना दुपारीच ताटांत आला. भाकरीबरोबर पहिला घास बाबांनी घेतला. बाबांचे डोळे एकदम मोठे झाले. त्यांनी घास गिळला नाही, थुंकलाही नाही, नुसताच तोंडात धरून ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिले. आईनं पदर तोंडाला लावला आणि ती मोरीकडं पळाली. अमरनाथमामांनी तांब्या उचलून घटाघटा रिकामा केला.

"मीठ हाय का लोणचं हाय गं हे!" मोरीतून आईचा आवाज आला.

वर्षाराणीनं एक फोड जिभेवर ठेवली आणि तशीच ताटाच्या कडेला काढली. मिरच्यांना एकदा, मोहरीत एकदा, वरून एकदा. तीनदा मीठ! तोंडात नुसता समुद्र.

आणि समोर आत्या जेवत होती. शांतपणे. भाकरीच्या तुकड्यावर लोणच्याची अख्खी फोड ठेवून.

"कामून?" तिनं सगळ्यांकडं बघून विचारलं. "तिखट झालं व्हय? मला तर चांगलं लागून राहिलंय." आणि तिनं आणखी एक फोड वाढून घेतली.

"अक्का, पोरीचं मन राखायला लई सोसू नका," बाबा कसेबसे बोलले. सगळे हसले. आत्याही हसली.

वर्षाराणी हसली नाही. पोरीचं मन राखायला? आत्या? लोणच्याच्या बाबतीत आत्यानं आजवर कुणाचंच मन राखलं नव्हतं. आईचं नाही, सख्ख्या जावेचं नाही. एकदा तर भर पंगतीत तिनं एका पाहुणीचं लोणचं ताटातून उचलायला लावलं होतं. मग आज?

डोक्यात जे आलं ते इतकं भलतंच होतं की तिनं दोनदा मान झटकली. पण ते काही जाईना.

भांडी झाल्यावर तिनं देव्हाऱ्यातल्या कापराच्या वड्या बारीक कुटल्या, कागदात बांधल्या आणि ओसरीवर लसूण सोलत बसलेल्या आत्याकडं गेली. उंबऱ्यावर ती दोनदा मागं वळली. अडीचशे पोरांसमोर स्टेजवर चढताना एकदाही वळली नव्हती.

"आत्या, ह्यो हिंग बघ ना. उद्याला चालेल का?"

आत्यानं पुडी नाकाशी नेली. खोल श्वास घेतला. असा खोल, की दुसऱ्या कुणाच्याही डोळ्यांत पाणी आलं असतं.

"चालंल की. पक्का हिंग हाय. हैदराबादेचा दिसतोय."

कापराचा वास वर्षाराणीच्या स्वतःच्या नाकापर्यंत आला होता, हातभर अंतरावरून. ती नुसती बघत राहिली. आत्यानं तिचं तोंड बघितलं, मग पुडी बघितली. पांढरीशुभ्र पूड. चिमटीत घेऊन चोळली. आणि हातातली पुडी सुपातल्या लसणावर पडली.

"कापूर हाय न्हवं?" आत्या हळूच म्हणाली.

वर्षाराणीनं मान हलवली.

"त्या मोठ्या तापात गेलं गं. वास गेला, चव गेली. समदे म्हनले, येईल म्हैन्याभरात. न्हाई आलं. आता तिखट तेवढं झोंबतं जिभेला. बाकी समदं माती." आत्यानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "कुनाला म्हाईत न्हाई. मामालाबी न्हाई. हाताच्या सवयीवर रेटून नेतेय."

"पण सांगायचं ना आत्या! त्यात काय एवढं?"

"त्यात काय?" आत्यानं वर बघितलं, आणि वर्षाराणीला एकदम दिसलं की ही बाई भ्यायली आहे. कुणालाच न भिणारी आत्या! "माझी आई गेली, तवापासून ह्या घरात मी कशाला येते? लोनचं घेऊन येते. स्वामी इचारतात, शिवकांता आली का? ते लोनच्यासाठी. उद्या मला वासच येत न्हाई म्हनलं, तर पंगतीत बसनारी एक पाव्हनी मी. बोलावलं तर यायचं, न्हाई तर न्हाई. तू कुनाला सांगू नको. तुला आईची आन हाय."

अहो, जिच्या पोटात शाळेतली साधी खबर घरी पोचेपर्यंत टिकत नाही, तिला असली शपथ! पण वर्षाराणीनं मान हलवली. आणि त्याच क्षणी तिला दुसरा धक्का बसला, पहिल्यापेक्षा मोठा.

"आत्या... मग बरणी?"

दोघी स्वयंपाकघरात गेल्या. दादरा सोडताना आत्याची बोटं गाठीत अडकत होती. झाकण निघालं आणि वर्षाराणी मागं सरकून डब्यांच्या फळीला धडकली. दिसायला सोन्यासारखं लोणचं! पिवळी मोहरी, हिरव्या मिरच्या, वर तेलाचा जाड थर. आणि वास? जुन्या बंद पडलेल्या तेलघाण्यात शिरावं तसा. खवट! घशात अडकणारा खवट!

"तेल कुठलं घातलंस?"

"घान्याचं करडीचं. दासोहासाठी म्हनून जपून ठिवलं व्हतं."

"किती दिवस जपलंस गं?"

आत्या चुलीशेजारच्या पाटावर बसली आणि बरणीकडं अशी बघत राहिली, जशी ती दुसऱ्या कुणाची आहे. हे उद्या स्वामींच्या ताटात गेलं असतं. पहिल्या ताटात. आधी कुणी चाखणार नाही, कारण नियम. कुणी हुंगणार नाही, कारण आत्यानं हुंगलंय.

मोठी माणसं रडायला लागली की काय करायचं हे कुठल्याच स्पर्धेत शिकवत नाहीत. वर्षाराणी तिच्याजवळ खाली बसली.

"आत्या, झटपट घालू. सकाळी. तुझा हात, माझं नाक."

"तीनदा मीठ घालनारीचं नाक?"

"ते मीठ हातानं घातलं होतं! नाकाचा काय दोष?"

आत्या रडता रडता फिसकन हसली.

बरणी गोणपाटात गुंडाळून परसात कडब्यामागं गेली. "यंदा ताजं घालायचं म्हंते," असं आत्यानं जाहीर केलं तेव्हा आई बघतच राहिली. "अक्का, तुम्ही? झटपट?" पण आत्याला उलट विचारायची त्या घरात कुणाची टाप नव्हती. बाबा उजाडताच मंडईतून जाड पोपटी मिरच्या आणि लिंबं घेऊन आले. तेल दुकानातून नवं आणलं. वर्षाराणीनं ते दुकानातच हुंगलं, तेव्हा दुकानदार तिच्याकडं डोळे फाडून बघत राहिला.

आणि मग सकाळभर त्या स्वयंपाकघरात काय चाललं होतं म्हणता! आत्याच्या हाताखाली विळी नुसती नाचत होती. वर्षाराणी तिच्या खांद्यावर नाक ठेवल्यासारखी उभी. "मेथी करपायला लागली, काढ!" आत्या काढायची. "हिंग कमी." आत्या घालायची. "आता मिरचीचा कच्चा वास गेला." आत्या लिंबू पिळायची. मीठ मात्र आत्यानं एकदाच घेतलं, मुठीनं, आणि ती मूठ वर्षाराणीनं डोळ्यात तेल घालून बघून ठेवली.

"आता वाक. डोळे मिट. घाई करू नको," आत्या म्हणाली. "मीठ मुरलं की मिरचीचा हिरवा वास खाली बसतो. बसला का?"

वर्षाराणीनं डोळे मिटले. आधी नुसती मोहरी. मग लिंबू. मग त्याखाली, एकदम खाली, काहीतरी गप्प झालेलं.

"बसला!" ती ओरडली. आणि स्वतःच दचकली. खरंच कळलं होतं!

दुपारी पंगत बसली. स्वामींचं पहिलं ताट वाढलं. त्यांनी भाकरी मोडली, लोणच्याला लावली, घास घेतला आणि ते थांबले.

"शिवकांता," स्वामी म्हणाले, "यंदाचं लोनचं निराळं लागून राहिलंय. ताजं. कुनाच्या हातचं हे?"

वर्षाराणीनं दात दातावर दाबले. तोंड फुटायला आलं होतं. माझं नाक, माझं नाक! पण आन म्हणजे आन. तिनं जमिनीकडं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा.

आत्यानं तिच्याकडं बघितलं. त्या घट्ट मिटलेल्या तोंडाकडं जरा जास्तच वेळ बघितलं. मग हातातलं लोणच्याचं वाडगं खाली ठेवलं.

"हात माझा हाय, स्वामी. नाक ह्या पोरीचं. मला वास येत न्हाई. चवबी न्हाई. दोन वर्सं झाली."

आईच्या हातातून वरणाची पळी सुटली आणि फरशीवर ठणकन पडली. बाबा "अक्का?" म्हणत पुढं आले. वर्षाराणीला वाटलं, संपलं. आता सगळे हसणार, नाही तर कीव करणार. दोन्ही सारखंच वाईट.

तेवढ्यात पंगतीच्या टोकाकडून अमरनाथमामांचा आवाज आला, भात कालवता कालवता.

"मला म्हाईत हाय की."

आत्या गर्रकन वळली. "काय म्हाईत हाय?"

"हेच. तू आंघोळीला गेलीस की रोज वरन चाखून बघतो मी. मीठ कमी असलं की घालतो."

"माझ्या वरनात? तुमी? दोन वर्सं?"

"रोज न्हाई," मामा म्हणाले. "कवा कवा पानी घालावं लागतं."

आधी स्वामी हसले. मग सगळं अंगण. आत्या मात्र हसली नाही. ती तशीच उभी, तोंड उघडं, कापराच्या पुडीपेक्षा पांढरी. एवढं जपलेलं गुपित, आणि हा माणूस गुपचूप त्याच्यात पाणी घालत होता!

"मग सांगायला काय झालं व्हतं तुमाला?"

"तू सांगितलं न्हाईस. मग म्यां कसं सांगावं?"

आईनं पळी उचलली, पदरानं पुसली आणि आत्याच्या हाताला धरून तिला पाटावर बसवलं. "अक्का, आधी जेवून घ्या. आन् पुढल्या वर्सी बरनी न्हाई आनली तरी चालंल. रिकाम्या हातानं आठ दिस आधी या."

आत्यानं पदरानं डोळे पुसले आणि मग एकदम कणखर आवाजात हाक मारली.

"वर्षे! इकडं ये. तुज्या मामाच्या ताटातल्या वरनाचा वास घे. मीठ बराबर हाय का बघ. न्हाई तर हा मानूस इथंबी हात घालंल."

वर्षाराणी वाकली. मामांनी घाईघाईनं ताटावर हात आडवा धरला.

"आगं, नको नको! आज मी काय न्हाई घातलं!"